उन्हाचा अंक

मोबाइल ह्या यंत्राविषयीं वडील मंडळींचें मत हल्लीं फारसें चांगलें राहिलेलें नाहीं, आणि शाळेच्या वार्षिकांत त्याची स्तुति छापून यावी हें आमच्या कांहीं शिक्षकबंधूंस रुचणार नाहीं, हें प्रस्तुत लेखक जाणून आहे. परंतु येथें मोबाइलाचें माहात्म्य गावयाचें नाहीं. त्या यंत्रांत अलीकडे एक सोय आली आहे. उन्हापासून कोणत्या वेळीं जपावें हें ती दररोज सांगते. ती सोय काय आहे, तिच्यांतील अंक कोठून येतो, आणि महाड-पोलादपुराच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसास तिचा उपयोग किती, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

ह्या चौकशीच्या मुळाशीं माझी आजी आहे. नाते हें आमचें गांव. महाडाहून रायगडास जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १८९६ सालीं येथेंच झाला, ह्याचा गांवास सार्थ अभिमान आहे. आजीचें आयुष्य मात्र गांवाबाहेरच्या भातखाचरांत गेलें. हिंवाळा सरतां सरतां कवळ तोडावयाची, चैत्र-वैशाखांत राब भाजावयाचा, आषाढांत लावणी, आश्विन-कार्तिकांत कापणी आणि त्यापुढें झोडणी. तिच्या पाठीवर ऊन नाहीं असे महिने वर्षांतून थोडेच. साठी उलटल्यावर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि उजव्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें वडसाची वाढ बुबुळापर्यंत येऊन पोंचली. शस्त्रक्रियेच्या आधीं डॉक्टरांनीं तिला विचारलें, “आजी, उन्हांत काम किती वर्षं केलंत?” ती म्हणाली, “उन्हांत नाय तर काय सावलींत पिकतंय भात?” डॉक्टर हंसले. नंतर मला एकीकडे घेऊन ते म्हणाले कीं, ह्या दोन्ही विकारांत वयाप्रमाणेंच उन्हाचाहि वांटा असतो, आणि इतकीं वर्षें डोळ्यांवर थोडी सावली राहिली असती तर वडसाचा विकार बहुधा इतका बळावला नसता.

उन्हानें डोकें दुखतें, अंगाची लाही होते, क्वचित् माणूस दगावतोहि, हें आम्हां कोंकणांतील लोकांस ठाऊक होतें. परंतु ज्या उन्हाचा त्रास त्या क्षणीं जाणवत नाहीं, तेंहि चाळीस वर्षांनीं आपलें देणें वसूल करतें, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली ती त्या दिवशीं.

सूर्याचा प्रकाश लोलकांतून गेला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सात रंगांचा पट्टा पडतो, हें आपण विज्ञानाच्या तासाला पाहतों. १८०१ सालीं योहान रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें त्या पट्ट्यांत रुप्याच्या क्षाराचा कागद धरला. हा क्षार प्रकाश लागला कीं काळा पडतो. जांभळ्या रंगांत तो लवकर काळा पडला. आणि जांभळ्याच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें त्याहून लवकर काळा पडला. दिसत नाहीं तेथेंहि प्रकाश आहे, आणि तो अधिक तिखट आहे, असा त्याचा अर्थ. ह्या किरणांस मराठींत कोणी जंबुपार म्हणतात, कोणी अतिनील म्हणतात. दुसरा शब्द आतां अधिक रूढ आहे म्हणून तोच घेतों.

अतिनील किरणांचे तीन वर्ग पाडतात. ज्यांची लहर १०० ते २८० नॅनोमीटर लांबीची ते सर्वांत घातक. परंतु वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोन व प्राणवायु त्यांस पुरते गिळून टाकतात, व ते आपणांपर्यंत येतच नाहींत. दुसरा वर्ग २८० ते ३१५ नॅनोमीटरांचा. ह्यांतील बहुतेक किरण ओझोन अडवितो, पण थोडे निसटून खालीं येतात, आणि कातडी भाजण्याचें काम मुख्यतः हेच थोडे करितात. तिसरा वर्ग ३१५ ते ४०० नॅनोमीटरांचा. तो जवळ जवळ सगळाच जमिनीवर येतो. त्याचा दाह कमी, पण तो त्वचेंत खोलवर शिरतो व तिला अकालीं सुरकुत्या पाडतो. आपल्या देशांत ओझोनाच्या मापनाचें काम ज्यांनीं उभें केलें त्यांत अण्णा मणी ह्यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९१८ सालीं त्रावणकोरांत पीरमेड येथें जन्मलेल्या ह्या बाई १९४८ सालीं पुण्यास हवामान खात्यांत रुजू झाल्या. फुग्याबरोबर आकाशांत सोडावयाचें ओझोनमापक यंत्र त्यांच्या पुढाकारानें आपल्याकडे तयार झालें, आणि हिंदुस्थानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या मोजमापांचा त्यांचा ग्रंथ १९८० सालीं निघाला. आमच्या शाळेंतील ज्या मुलींस पदार्थविज्ञान हा मुलांचा विषय वाटतो, त्यांनीं ह्या बाईंचें चरित्र मिळवून वाचावें.

आतां अंकाकडे वळूं. १९९२ सालीं कॅनडा देशानें आपल्या नागरिकांकरितां अशी पद्धति काढली कीं, त्या दिवशींच्या अतिनील किरणांचा जोर एका सोप्या आंकड्यानें जाहीर करावा. पुढें जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना ह्यांनीं तो आंकडा सर्व देशांकरितां एकरूप केला. त्यास अतिनील निर्देशांक म्हणतात. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पडणारे अतिनील किरण, प्रत्येक लहरीच्या कातडी भाजण्याच्या सामर्थ्यानुसार तोलून, एकत्र मोजावयाचे. असे २५ मिलिवॉट भरले म्हणजे अंक १ झाला. दोनपर्यंतचा अंक सौम्य, तीन ते पांच मध्यम, सहा-सात तीव्र, आठ ते दहा अति तीव्र, आणि अकरा व त्यापुढें पराकाष्ठेचा. तिनापासून पुढें अंग झांकावें व सावली धरावी, असा ह्या संस्थांचा सल्ला आहे.

येथें एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. आमच्याकडे वैशाखांतील निरभ्र दुपारीं अंक बाराच्या घरांत जातो. बारा म्हणजे ३०० मिलिवॉट, अर्थात् पाऊण वॉटसुद्धां नव्हे, एका वॉटाचे दहांतील तीन भाग. त्याच वेळीं त्याच चौरस मीटरवर सूर्याचा एकंदर प्रकाश व उष्णता मिळून सुमारें १००० वॉट पडत असतात. म्हणजे कातडी व डोळे ज्यानें बिघडतात तो भाग एकंदर उन्हाच्या सुमारें तीन हजारांत एक! तो अंगास जाणवत नाहीं ह्यांत नवल तें काय? आपणांस जाणवते ती उष्णता. म्हणून ऊन किती बाधेल हें आपली कातडी आपणांस वेळेवर सांगूं शकत नाहीं; सांगते तेव्हां भाजून झालेलें असतें. हा अंक काढण्याची गरज पडली ती ह्यामुळें.

हा अंक मोबाइलावर दाखविणारीं साधनें, ज्यांस आतां लहानथोर सर्व जण ॲप म्हणतात, अनेक आहेत. त्यांपैकीं एक जागतिक आरोग्य संघटना, जागतिक हवामान संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना ह्या चौघांनीं मिळून २१ जून २०२२ रोजीं प्रसिद्ध केलें. त्याचें नांव सनस्मार्ट ग्लोबल यूव्ही. तें फुकट मिळतें. आपण कोठें आहों हें मोबाइलावरून ओळखून, तें त्या ठिकाणचा आजचा व पुढील कांहीं दिवसांचा अंक दाखवितें, आणि अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत जपा असें सांगतें. मजूर संघटना ह्या कामांत कां पडली, असें कोणी विचारील. उन्हांत सर्वांत अधिक वेळ कोण असतो, एवढ्याचा विचार केला कीं उत्तर सांपडतें. आरंभीं ज्या भाषांत हें ॲप निघालें त्यांत मराठी नव्हती. तथापि त्यांतील आंकडे व रंग समजण्यास भाषा फारशी लागत नाहीं.

एक गैरसमज मात्र आधींच दूर केला पाहिजे. आमच्या वसतिगृहांतील कांहीं मुलांनीं हें ॲप घेतल्यावर मोबाइल उन्हांत उताणा धरून ठेवला, जणूं काय तो तापमापकाप्रमाणें किरण मोजणार होता. मोबाइल तापला, अंक होता तेवढाच राहिला. ह्या यंत्रांत किरण मोजणारें कांहीं नसतें. सूर्य त्या वेळीं किती वर आहे, त्या प्रदेशावर ओझोनाचा थर उपग्रहांनीं किती मोजला आहे, ढग किती येतील, जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, ह्यांवरून दूर कोठें तरी मोठ्या गणकयंत्रांत अंदाज बांधला जातो, आणि मोबाइल तो नुसता वाचून दाखवितो. तो पोस्टमन आहे. पत्र दुसऱ्यानेंच लिहिलेलें असतें. त्यामुळें पत्रांत चूक असेल तर ती पोस्टमनास दुरुस्त करतां येत नाहीं. अंदाज मोठ्या मोठ्या चौकोनांचा असतो. नात्यास ऊन पडलें असून पोलादपुरास ढग असेल, तर त्यास तो भेद कळेलच असें नाहीं. आणि डोंगराआड जेथें मोबाइलास रेंज मिळत नाहीं तेथें पत्रच येत नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून आम्ही एक जुनेंच साधन काढलें. शाळेच्या पटांगणांत एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानें सरळ उभी केली, आणि ठराविक वेळीं तिची सावली मोजून शेजारीं ॲपाचा अंक टिपूं लागलों. निरभ्र दिवसांचे आंकडे एकमेकांशेजारीं ठेवतांच एक मेळ दिसून आला. सावली काठीच्या दीडपट असते तेव्हां अंक तिनाच्या आसपास असतो. सावली काठीएवढी झाली म्हणजे तो पांचाच्या जवळ येतो. सावली काठीच्या निम्मी झाली कीं तो आठ-नऊ होतो. आणि सावली बुंध्याशीं गोळा झाली म्हणजे अकराच्या वर. सूर्य जितका डोक्यावर, तितकी किरणांची वातावरणांतील वाट आंखूड व ओझोनानें गिळलेला भाग कमी, म्हणून हा मेळ पडतो. तो योगायोगानें पडलेला नाहीं. ज्याची सावली त्याच्याहून आंखूड, त्यानें आडोसा पाहावा, हा नियम परदेशांतहि मुलांस शिकवितात. आजीला मी हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, “आमी सावली बघूनच न्याहारीचा वखत ओळखायचो. पण ती सावली आमास काय सांगतेय, त्ये कुनी सांगितलं न्हाय.”

ह्या काठीनें आणखी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली घड्याळाविषयीं. आपण बारा वाजले म्हणजे भर दुपार समजतों. परंतु आपलें घड्याळ चालतें तें ८२॥ अंश रेखांशाच्या हिशेबानें, आणि महाड आहे सुमारें ७३॥ अंशांवर. तेथील मध्यान्ह आपल्याकडे पोंचावयास ३६ मिनिटें लागतात. १९५५ सालापर्यंत मुंबई शहर आपला स्वतंत्र ‘मुंबई टाइम’ पाळीत होतें व तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे; त्या हट्टांत सूर्याच्या दृष्टीनें तथ्य होतें. काठीची सर्वांत आंखूड सावली आम्हांस मे महिन्यांत १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास मिळाली. आतां आमच्या शाळेची मधली सुट्टी केव्हां होते, तर साडेबारास! म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येतो त्या घटकेस आम्ही घंटा वाजवून पांचशें मुलें पटांगणांत सोडतों. ह्यांत कोणाचा दोष नाहीं; वेळापत्रक करितांना घड्याळाकडे पाहतात, सावलीकडे पाहात नाहींत.

दुसरी गोष्ट ऋतूंविषयीं. महाड तालुका सुमारें १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें सूर्य आमच्या माथ्यावरून वर्षांत दोनदां जातो. एकदां १२-१३ मेच्या सुमारास, आणि परत फिरतांना जुलैच्या अखेरीस. त्या दिवशीं भर दुपारीं सरळ उभ्या काठीस सावलीच पडत नाहीं. ह्यास शून्य छाया दिवस म्हणतात, व पुण्यामुंबईकडे शाळांतून तो कौतुकानें पाहतात. जुलैअखेरीचा दिवस ढगांत हरवतो. पण तो आहे हें विसरूं नये. कारण उघडीप पडली म्हणजे त्या दिवसांतील ऊन वैशाखाइतकेंच बाणेदार असतें, आणि शेतकरी त्या वेळीं उघड्यावर असतो. हिंवाळ्यांत तरी सुटका आहे काय, म्हणून आम्ही २२ डिसेंबरास सावली मोजली. वर्षांतील सर्वांत लहान दिवस. तरी मध्यान्हीं मीटरभर काठीची सावली ८८ सेंटिमीटरच भरली. म्हणजे नात्यास असा एकहि दिवस उगवत नाहीं कीं ज्या दिवशीं दुपारची सावली माणसाहून लांब राहील. त्या दिवशीं अंक सहाच्या आसपास होता. लंडनमध्यें भर जूनांत जो अंक असतो, त्याहून तो फार कमी नाहीं.

येथेंच ह्या ॲपाची आमच्यापुरती मर्यादा दिसून येते. ज्या ऑस्ट्रेलियांत गोऱ्या कातडीचे लोक उष्ण कटिबंधाच्या उन्हांत जाऊन राहिले व त्वचेच्या कर्करोगानें पीडले गेले, तेथें १९८१ पासून सदरा घाला, लेप लावा, टोपी घाला, अशी चळवळ चालली. हें ॲप त्याच परंपरेंतलें आहे. थंड देशांत अंक कांहीं दिवस एक, तर कांहीं दिवस सात असतो. तेथें रोज पाहणें अर्थाचें आहे. आमच्याकडे मे महिन्यांत तें रोज सांगणार कीं सकाळीं साडेआठपासून साडेचारपर्यंत जपा. डिसेंबरांत सांगणार कीं दहापासून तीनपर्यंत जपा. पंधरा दिवस तें पाहिलें कीं सोळाव्या दिवशीं न पाहतां उत्तर देतां येतें. माझें मत असें झालें आहे कीं, आपल्याकडे ह्या साधनाचें काम शिक्षकाचें आहे, पहारेकऱ्याचें नव्हे. तें आपणांस सावली वाचावयास शिकवितें, आणि एकदां ती वाचतां आली म्हणजे खिशांत राहिलें तरी चालतें. त्याची खरी गरज पडते ती जेथें डोळा व अंग दोन्ही फसतात तेथें.

असे फसण्याचे प्रसंग आमच्या भागांत मुख्यतः दोन. एक ढगांचा. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खालीं येऊं शकतात. उष्णता मात्र कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. नात्याच्या चिंतामणरावांनीं मेघदूताचें मराठींत भाषांतर केलें आहे. पण मेघ हा यक्षाचा निरोपच नव्हे, सूर्याचाहि निरोप खालीं पोंचवितो, हें आमच्या लक्षांत सहसा येत नाहीं. काळा, दाट, पावसाचा ढग मात्र किरणांस खरोखरच अडवितो, आणि त्या दिवशीं ॲप एक-दोन अंक दाखवून आपणांस मोकळीक देतें.

दुसरा प्रसंग उंचीचा. दर हजार मीटर चढल्यावर अतिनील किरणांचा जोर सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतो. पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास जा. उंची सुमारें साडेतेराशें मीटर. खालीं घामानें निथळत असलेला प्रवासी वर गार वारा लागतांच टोपी काढून पिशवींत ठेवितो. अंग सांगतें ऊन कमी झालें. अंक सांगतो वाढलें. रायगडाची उंची सुमारें ८२० मीटर, तेथें वाढ थोडी कमी. पण गडावर झाड नाहीं, आणि ६ जूनच्या राज्याभिषेकदिनास जे हजारों लोक येतात त्यांचा अर्धा दिवस उघड्यावर जातो. पाऊस तोपर्यंत बहुधा लागलेला नसतो, आणि सूर्य मध्यान्हीं माथ्यापासून चारपांच अंशच ढळलेला असतो. आमच्या शाळेची सहल गडावर नेणाऱ्या शिक्षकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मात्र ह्या अंकानें एका बाबतींत कोणी भुलूं नये. अंक किरणांचा आहे, उष्णतेचा नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत खारघर येथें एका मोठ्या सार्वजनिक समारंभास लाखों लोक उघड्या मैदानांत बसले होते. त्यांतील १४ जण उष्माघातानें दगावले. त्यांचे प्राण गेले ते उष्णतेनें, दमटपणानें व अंगांतील पाणी आटल्यानें. दमट हवेंत घाम सुकत नाहीं, आणि घाम सुकला नाहीं कीं शरीर थंड होत नाहीं. कोंकणांतल्या उन्हाळ्याचा हा विशेष धोका आहे. आभाळ आलें असून अंक चार असला तरी हवा कोंडलेली असेल, तर शारीरिक कसरतीनें मूल चक्कर येऊन पडूं शकतें. गेल्या वर्षीं संचलनाच्या तालमींत आमच्याकडे एक मुलगी अशीच पडली. अंक त्या वेळीं मोठा नव्हता. तिला सावलींत नेऊन, अंगावर पाणी शिंपडून, वारा घालून शुद्धीवर आणलें. तेव्हां अंक पाहावा, आणि तापमान व हवेंतील दमटपणाहि वेगळा पाहावा. एका आंकड्यांत दोन्ही धोके मावत नाहींत.

आम्हां सांवळ्या लोकांस ह्या सर्वांचें काय, असा प्रश्न वर्गांत मुलांनीं विचारला, आणि तो रास्त आहे. कातडींतील काळें द्रव्य किरणांस शोषून घेतें. म्हणून गोऱ्या लोकांत जितका त्वचेचा कर्करोग होतो, त्याच्या मानानें आपल्यांत फारच कमी होतो. ह्या बाबतींत परदेशी भीति जशीच्या तशी उसनी घेण्याचें कारण नाहीं. परंतु डोळ्याच्या बुबुळास व आंतील भिंगास कातडीच्या रंगाचें असें संरक्षण नाहीं. मोतीबिंदूनें दृष्टि गेलेल्यांपैकीं दहा टक्क्यांपर्यंत लोकांच्या बाबतींत अतिनील किरणांचा हात असूं शकेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्यापुरता मुख्य मुद्दा डोळ्यांचा आहे, गोरेपणाचा नव्हे. बाजारांतील जाहिराती बरोबर ह्याच्या उलट सांगतात, आणि आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंमुली त्यांस भुलतात, हें येथें नमूद करणें अवश्य वाटतें.

शिवाय ऊन हा शत्रु नव्हे. हाडांस लागणारें ड जीवनसत्त्व आपली त्वचा ह्याच दुसऱ्या वर्गाच्या किरणांनीं तयार करिते, आणि सांवळ्या त्वचेस त्याकरितां गोऱ्या त्वचेहून अधिक वेळ लागतो. कोवळ्या उन्हांत बाळास बसविण्याची आपल्याकडील चाल चांगली आहे, त्यानें ऊब मिळते. पण सूर्य अगदीं खालीं असतां हे किरण फारसे पोंचत नाहींत, म्हणून केवळ त्यावर हाडांची भिस्त ठेवतां येत नाहीं. जो दिवसभर घरांत किंवा वर्गांत बसतो त्यानें हातपाय उघडे ठेवून दिवसांतून थोडा वेळ उन्हांत फिरावें हेंच बरें. माझ्या आजीसारख्यांना हा उपदेश करण्याची गरज नाहीं. त्यांचें माप केव्हांच भरलेलें असतें.

राहतां राहिला प्रश्न उपायांचा. परदेशी पुस्तकांत पहिला उपाय लेपाचा सांगतात. लेपाच्या नळीवर जो तीस किंवा पन्नास हा आंकडा असतो तो प्रयोगशाळेंत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप चोपडून काढलेला असतो. त्या मानानें प्रौढ माणसाच्या सर्वांगास एका वेळीं तीस मिलिलीटरांहून अधिक लेप लागेल, आणि घाम आल्यावर दर दोन तासांनीं पुन्हां. पन्नास मिलिलीटरांची नळी एका दिवसांत संपेल. भातशेतींत राबणाऱ्या कुटुंबास हा उपाय सांगणें म्हणजे थट्टा आहे. तोंडास व मानेस ज्यास परवडेल त्यानें अवश्य लावावा.

कापड हाच आपला खरा लेप. तो धुतां येतो व पुन्हां वापरतां येतो. त्यांतहि फरक आहे. पांढरा, पातळ, सुती सदरा गार वाटतो. पण त्यांतून बरेच किरण आंत जातात, आणि तो घामानें ओला झाला म्हणजे आणखी जातात. दाट विणीचें, गडद रंगाचें कापड किरणांस चांगलें अडवितें, मात्र अधिक तापतें. म्हणून सैल शिवावें. टोपीविषयीं एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. आपली पांढरी टोपी मानाची खरी, पण तिला कांठ नाहीं. ती केसांचें रक्षण करिते आणि डोळे, कान व मान सूर्यास अर्पण करिते. पूर्वीं लावणीच्या वेळीं बांबूच्या कामट्या व पानें ह्यांचें इरलें घेत. तें पावसाकरितां असलें तरी उघडीप पडल्यावर पाठीवर व डोकीवर सावलीहि धरीत असे. आतां त्याच्या जागीं प्लॅस्टिकचा कागद आला; पाऊस तो अडवितो, पण ऊन पडतांच आंत उकडतें म्हणून काढून टाकावा लागतो. चार बोटें रुंद कांठाची टोपी, ही आमच्या शेतांत अजून नवलाईची वस्तु आहे. मी आजीकरितां एक आणली, तेव्हां तिनें ती उलटसुलट करून पाहिली, “साहेबाची टोपी मला कशाला रे बाला?” म्हणाली, आणि परसांत जातांना डोईवरच्या पदरावर चढविली. ती आतां तिच्या डोकीवरून उतरत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर तिला प्रकाश फार टोंचतो.

झाडाखालची सावलीहि सर्वस्वी पुरी पडते असें नाहीं. अतिनील किरण आकाशांत विखुरले जातात व चहूंकडून येतात. सावलींत बसलों तरी मोठें आकाश दिसत असेल तर त्यांतील बरेच पोंचतात. तथापि निदान निम्मे तरी वांचतात, आणि आंब्या-फणसासारख्या दाट झाडाखालीं त्याहून पुष्कळ अधिक.

आमच्या टिपणांचा तक्ता मुख्याध्यापकांस दाखविला, तेव्हां मधली सुट्टी पुढें-मागें करतां येईल काय, ह्याचा विचार झाला. अडचण अशी निघाली कीं, सुट्टी एक वाजतां केली तरी सूर्य तेथेंच असतो, आणि दोन वाजतां केली तर मुलें भुकेनें व्याकुळ होतात. मग असें ठरलें कीं, फेब्रुवारीपासून मेपर्यंत जेवणाची सुट्टी वर्गांत व व्हरांड्यांत घ्यावी, आणि खेळाचा तास दिवसाच्या शेवटीं टाकावा. पांच वाजतां काठीची सावली अडीचपट नसली तरी दुपटीच्या जवळ असते व अंक दोनावर उतरलेला असतो. ह्यावर पोलादपुराकडील मुलांनीं अर्ज केला कीं, त्यांची एस. टी. सव्वापांचास सुटते, व पांचाचा खेळ त्यांच्या वांट्यास येणार नाहीं. अर्ज योग्य होता. तूर्त त्या मुलांचा खेळ सकाळीं प्रार्थनेच्या आधीं पाऊण तास होतो, आणि पटांगणाच्या पश्चिमेस, जेथून दुपारनंतरचें ऊन येतें, तेथें पावसाळ्यांत करंज व जांभूळ मिळून अठरा रोपें लावलीं आहेत. त्यांपैकीं पंधरा जगलीं. काठी अजून उभी आहे. नवव्या इयत्तेचे विद्यार्थी तिची सावली रोज तीन वेळां टिपतात, आणि ॲपाचा अंक पाहण्याच्या आधीं आपला अंदाज फळ्यावर लिहून ठेवितात.